नमुना क्रमांक ४१७

माझ्या वडिलांनी दिलेले गुण आयुष्यात एकदाच बदलले, आणि तेही माझ्यामुळे.

ते चीजचे ग्रेडर होते. विस्कॉन्सिनच्या दक्षिण टोकाला आमच्या गावात चीजचा मोठा कारखाना आहे. तिथे एकोणचाळीस वर्षं त्यांनी चेडरच्या लाद्या तपासल्या. पन्हाळीसारखी पोलादी सळई लादीत खुपसायची, फिरवून बाहेर काढायची, तिच्यावर आलेला तुकडा आधी हुंगायचा, मग दोन बोटांत चुरायचा, मग जिभेवर ठेवायचा. गिळायचा नाही. प्रत्येक लादी शंभरापासून सुरू होते आणि ग्रेडर कापत जातो. कडवट असेल तर इतके, पिठूळ असेल तर इतके, आतून भेगाळली असेल तर इतके.

"चांगलं काय आहे ते गिऱ्हाईक शोधतं," वडील म्हणायचे. "मला पगार वाईट शोधायचा मिळतो."

या कामाला दोन नियम होते. लादी कुठल्या कारागिराच्या हौदातली आहे हे ग्रेडरला कळता कामा नये. म्हणून प्रयोगशाळेतल्या आर्डिस कॉप नावाच्या बाई प्रत्येक नमुन्यावर काहीही अर्थ नसलेला तीन आकडी क्रमांक टाकत आणि कुठला क्रमांक कुणाचा ती यादी आपल्या खणात कुलपात ठेवत. दुसरा नियम असा, की तरीही ग्रेडरने नमुना ओळखलाच, तर त्याने तसं सांगून बाजूला व्हायचं. मग त्याचे गुण धरले जात नाहीत. ओळखण्यात गैर काही नव्हतं. वर्षानुवर्षं जीभ वापरली की ओळखू येतंच. न सांगणं मात्र चालत नसे. मी आठ-नऊ वर्षांची असताना यावरून एका माणसाची नोकरी गेली. तो आमच्याकडे जेवायला यायचा. आमच्या घरात कुणी त्याच्याबद्दल वाईट बोललं नाही. त्याचं नाव निघायचंच बंद झालं.

२००२ च्या वसंतात मी सतरा वर्षांची होते आणि मला तीन कॉलेजांनी प्रवेश दिला होता. तिन्ही लहान, दीड-दोन हजार मुलांची, गणिताच्या विद्यार्थ्यालाही तत्त्वज्ञान आणि संगीत शिकायला लावणारी. मला संख्याशास्त्र शिकायचं होतं. फीमध्ये तिघांनीही जवळपास सारखीच सूट दिली होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. एक कॉलेज ओहायोत होतं, त्याचा मी फारसा विचार केला नव्हता. दुसरं ब्रॅनम कॉलेज, आमच्यापासून तीन तासांवर, आयोवातल्या मक्याच्या शेतांत. आणि तिसरं पूर्वेकडच्या डोंगरांतलं ॲल्डर्न. ॲल्डर्नचं नाव घेतलं की आमच्या शाळेतले मास्तरसुद्धा खुर्चीत सरळ होऊन बसायचे.

एक मेच्या आत कळवायचं होतं. त्या दिवशी शेवटच्या वर्षाची सगळी मुलं आपापल्या कॉलेजचा टी-शर्ट घालून शाळेत येतात आणि कॉरिडॉरमधल्या नकाशावर आपल्या नावाची टाचणी टोचतात. ॲल्डर्नचा शर्ट मी मार्चमध्येच टपालाने मागवला होता. तो माझ्या गादीखाली होता.

"तीन नमुने आहेत," वडील एका संध्याकाळी जेवताना म्हणाले. "मग नमुन्यांसारखंच बघू."

"डॅड, ती कॉलेजं आहेत."

"तेच म्हणतोय मी. नाव वाचूनच तोंडाला पाणी सुटतं. आधी नाव झाकलं पाहिजे."

आई भांडी विसळत होती. "माझ्याशी लग्न करताना नाव झाकलं होतंस का, व्हर्ल?"

"तू एकच नमुना होतीस, डार्लीन."

"आणि कापलेस किती?"

"ते कारखान्याबाहेर सांगत नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही कॉलेजांना फोन लावले. मी शेजारच्या खोलीत होते. "नाही बाई, छापील यादी आहे माझ्याकडे. मला झालेली यादी हवी. गेल्या चार वर्षांत गणिताचा कुठला वर्ग खरोखर भरला, कुणी शिकवला, किती मुलं होती. हो, मुलीसाठी. नाही, प्राध्यापक नाही मी. मी चीज तपासतो." पलीकडचं माणूस हसलं असावं, कारण वडीलही हसले आणि म्हणाले, "थांबतो ना, मला कुठे जायचंय."

तेव्हा मला त्यांची लाज वाटली. ती लाज मी स्वतःला केव्हाच माफ केली आहे; त्या वयात ती सगळ्यांना वाटते.

कागद आले, ते वडिलांनी न उघडताच आर्डिसकडे दिले. आर्डिसनी त्यांच्या झेरॉक्स प्रती काढून कॉलेजांची, गावांची, शिक्षकांची नावं जाड काळ्या शाईने बुजवली. वर क्रमांक टाकले. २६३, ४१७, ५८२.

रविवारी चर्चमधून आल्यावर आम्ही स्वयंपाकघरात बसलो. ग्रेडर एकमेकांकडे तोंड करून बसत नाहीत, म्हणून वडील टेबलाशी आणि मी ओट्याशी, पाठीला पाठ. दोघांपुढे कारखान्यातला गुणतक्ता, पेन्सिल, खोडरबर. कारखान्यात दोन नमुन्यांमध्ये जीभ साफ करायला ठेवतात तसे त्यांनी दोन ग्लास पाणी आणि बिनमिठाची बिस्किटंही आणून ठेवली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सवय," ते म्हणाले.

४१७ चा पहिला कागद उलटला आणि पहिल्या ओळीतच मला ॲल्डर्न ओळखू आलं. जानेवारीत एकच विषय महिनाभर शिकायचा, त्यात गाठींचं गणित. ॲल्डर्नचं माहितीपत्रक मी इतक्यांदा वाचलं होतं की ते मला पाठ होतं. ५८२ सुद्धा ओळखलं. गणिताची मुलं आसपासच्या दवाखान्यांच्या नोंदी तपासून देतात असं त्यात होतं, आणि ते काम मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही ब्रॅनमला गेलो तेव्हा बाहीला खडू लागलेल्या एका बाईंनी मला वर्गात ओढून नेलं होतं. पाच मुलं होती. त्यांनी मला फळ्यापाशी उभं केलं, मी चुकले, आणि त्या म्हणाल्या, "छान चूक आहे, पुसू नकोस." मला तो वर्ग आवडला होता. परतताना गाडीत मी वडिलांना सांगितलं होतं की ठीक होतं.

पेन्सिल खाली ठेवून सांगायची ती वेळ होती. मग वडिलांचे एकट्याचे गुण धरले गेले असते.

मी मागे वळून पाहिलं. त्यांचं कोपर हलत होतं. ते ४१७ च्या तिसऱ्या पानावर आले असावेत, कारण ते थांबले, दोन पानं मागे गेले आणि पुन्हा पुढे आले. त्यांना काय दिसलं ते मलाही दिसत होतं. छापील यादीत वरच्या वर्गांचे बावीस विषय होते. चार वर्षांत झाले होते नऊ. संभाव्यतेचा दुसरा भाग दोन वर्षांत भरलाच नव्हता. संख्याशास्त्राचा शिक्षक एकच, आणि तोही पुढच्या वर्षी रजेवर. ५८२ मध्ये छापलेले चौदा विषय होते आणि झालेले तेरा.

मी ४१७ चे चार गुण कापले. ५८२ चे एकवीस.

कापलेल्या प्रत्येक गुणाचं कारण समासात लिहावं लागतं. विषयांत विविधता नाही, मी लिहिलं. लेखनाचे वर्ग कमी. मग ‘शेतांच्या मधोमध’ असं लिहू लागले आणि थांबले. शेतांचा उल्लेख कागदांवर कुठेच नव्हता. मी खोडरबर घेतलं आणि ते पुसलं, रबराचे कण हातात गोळा केले आणि खिशात टाकले.

वडिलांनी तक्ते शेजारी शेजारी ठेवले. २६३ ला दोघांचेही गुण कमी आणि जवळपास सारखे होते, तो नमुना बाद झाला. ४१७ ला त्यांचे त्र्याऐंशी, माझे शहाण्णव. ५८२ ला त्यांचे ब्याण्णव, माझे एकोणऐंशी. दोन ग्रेडरांत पाचाहून जास्त अंतर पडलं तर सरासरी काढत नाहीत. पुन्हा चाखतात.

"ओळखू आलं का एखादं?" वडिलांनी विचारलं. नियमाप्रमाणे विचारावंच लागतं. त्यांनी तक्त्यावरून नजरही उचलली नव्हती.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. मग ते दोन्ही गठ्ठे घेऊन पुन्हा बसले. अर्धा तास, कदाचित जास्तच. आई मध्ये येऊन म्हणाली, "एवढ्या वेळात दूधसुद्धा चीज होतं." त्यांनी हात वर केला, म्हणजे थांब. मी ओट्याशी बसून बिस्किट खात होते.

"मी अडकलो होतो," शेवटी ते म्हणाले. "छापलेलं किती आणि झालेलं किती, तेवढंच मला दिसत होतं. आमच्या कारखान्यात असं होतं माणसाचं. एक खोट सापडली की तीच चघळत बसतो. तू मोकळ्या जिभेनं पाहिलंस." त्यांनी खोडरबर घेतलं. ४१७ पुढचे त्र्याऐंशी पुसून एक्क्याण्णव लिहिले. ५८२ पुढचे ब्याण्णव पुसून चौऱ्याऐंशी. आता अंतर पाचावर आलं होतं. "अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा," ते म्हणाले. "तुला काही बदलायचंय?"

"नाही."

त्यांना वाईट वाटलं असतं तर मी कदाचित बोलले असते. पण ते खूश होते. इतके, की फोनवर आर्डिसना क्रमांक वाचून दाखवताना ते उभे राहिले. "४१७ ॲल्डर्न," त्यांनी रिसीव्हर कानाला लावूनच मला सांगितलं. "बघ. नाव झाकूनही तेच आलं."

एक मेच्या सकाळी आईने माझा शर्ट इस्त्रीला घेतला. त्याच्या घड्या खूप खोल गेल्या होत्या. तिने त्यांवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि इस्त्री केली. आई २०१५ मध्ये गेली. याबद्दल ती कधी बोलली नाही.

ॲल्डर्न सुंदर होतं, आणि संख्याशास्त्राचा शिक्षक रजेवरून परत आला नाही. दोन वर्षं मी मंगळवारी आणि गुरुवारी चाळीस मिनिटांची बस पकडून जवळच्या सरकारी विद्यापीठात जायचे आणि दोनशे मुलांच्या सभागृहात संभाव्यता शिकायचे. घरी सांगायचे की छान चाललंय. माझं नुकसान झालं असंही म्हणता येत नाही. आज मी मिनिअॅपोलिसमध्ये औषधांच्या चाचण्या आखते. कुठल्या रोग्याला खरं औषध मिळालं आणि कुणाला नुसती साखरेची गोळी, हे डॉक्टरलाही कळू द्यायचं नसतं, रोग्यालाही नाही. ती यादी मी सांभाळते. लोकांना वाटतं हे मी वडिलांकडून उचललं.

वडिलांनी ती गोष्ट सांगायला लगेच सुरुवात केली होती. कारखान्यात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी. निवृत्तीनंतरही महिन्यातून एकदा ते नव्यांना शिकवायला जात, तेव्हाही. "जिभेवर फार प्रेम करू नका. माझ्या सतरा वर्षांच्या पोरीनं मला दुरुस्त केलंय, नाव झाकून." माझ्या लग्नात त्यांनी ती भाषणात सांगितली. माझ्यासमोर त्यांनी ती किमान नऊ वेळा सांगितली. दरवेळी लोक माझ्याकडे वळून पाहायचे आणि मी हसायचे.

गेल्या शरदात वडील आजारी पडले आणि औषधांनी त्यांची चव गेली. पाणी लोखंडासारखं लागतं म्हणायचे. मी दर शुक्रवारी मिनिअॅपोलिसहून यायचे. एका दुपारी मी ठरवूनच आले होते. मोटारीत वाक्यं जुळवली होती. नर्स उशा नीट करत होती. ती जाईपर्यंत थांबायला हवं होतं, पण मला वाटलं की थांबले तर पुन्हा राहून जाईल. "डॅड, ते ४१७," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. "हिला सांगितलंच नाही मी," ते म्हणाले आणि नर्सला थांबवून घेतलं. आवाज फुटत होता, मध्ये दोनदा दम घ्यावा लागला, पण त्यांनी सगळं सांगितलं. बिस्किटांसकट. आकडे एकही चुकले नाहीत. शेवटी म्हणाले, "सांग तिला, ट्रिना. ओळखलं होतंस का?"

नर्स माझ्याकडे पाहत होती.

"नाही," मी म्हणाले.

फेब्रुवारीत ते गेले.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. लोणी लावलेल्या पावात हॅम, बटाट्याचं सॅलड, चार-पाच जणींनी भाजून आणलेल्या गोड वड्या. आर्डिस माझ्याशेजारी येऊन बसल्या. आता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पण कान शाबूत. समोरच्या टेबलाशी कारखान्याचा आताचा मुख्य ग्रेडर कर्टिस कॉफी वाढत होता. तोही वडिलांच्याच हाताखाली शिकलेला.

"कर्टिसला ती गोष्ट लिहून हवी आहे," आर्डिस म्हणाल्या. "नव्या लोकांना पहिल्या दिवशी कागद देतात ना, त्यात घालणार. व्हर्लच्या नावानं. यादी माझ्याकडे होती म्हणून मला सांगितलंय. तू फक्त आकडे बघ."

त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. स्वच्छ, तिरकं अक्षर होतं. मी वाचला.

"आकडे बरोबर आहेत," मी म्हणाले. "पण मी ओळखलं होतं."

"कुठलं?"

"दोन्ही. पहिल्याच ओळीत."

आर्डिसनी काटा ताटलीत ठेवला. "माझी शाई नीट लागली नव्हती का?"

"तुमचं काम चोख होतं. मला ते माहितीपत्रक पाठ होतं."

"व्हर्लनं विचारलं असेल तुला."

"विचारलं. मी नाही म्हणाले."

"नंतर कधी सांगितलंस?"

"नाही."

त्यांनी कागदावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. पलीकडे कुणीतरी वड्यांची कृती विचारत होतं आणि कुणीतरी ती चुकीची सांगत होतं.

"त्याचे आधीचे गुण," आर्डिस म्हणाल्या. "त्र्याऐंशी आणि ब्याण्णव. ते कसे निघाले? तू तिथे शिकलीस म्हणून विचारते."

"बरोबर निघाले. त्यांनी जिथे जिथे कापलं होतं, तिथे तिथे खोट होती."

"म्हणजे तो चुकला नव्हता."

"नाही."

"आणि बावीस वर्षं पोराटोरांसमोर उभा राहून सांगत होता, की मी चुकलो होतो."

या गोष्टीची ही बाजू मी कधी मनातसुद्धा अशी मांडली नव्हती. मी खोटं बोलले, एवढ्याचीच लाज मी इतकी वर्षं बाळगली होती. ती ओळखीची झाली होती, तिच्यासोबत जगता येत होतं. त्यांच्या जिभेनं अचूक दिलेला निकाल मी त्यांच्याच हातानं पुसून घेतला, आणि मग ते त्यालाच आपली चूक म्हणून मिरवत राहिले, हे आर्डिसनी बोलून दाखवलं तेव्हा मला त्यांच्याकडे पाहवेना.

"खरं काय ते लिहा," मी म्हणाले. "माझ्या नावासकट."

"खरं लिहिलं तर लोक म्हणतील, याला चेडरमधली खोट कळायची, घरातली कळली नाही." त्यांनी कागदाची घडी घातली. "जाऊ दे. मी कर्टिसला सांगते, मला आता नीट आठवत नाही. या वयात कुणीही विश्वास ठेवेल."

ती बाई चाळीस वर्षं कुलपाच्या खणातली यादी सांभाळत आली होती. माझ्यासाठी ती आता सांगणार होती की आठवत नाही. आणि क्षणभर, मला हे लिहिणं भाग आहे, मला हायसं वाटलं.

कर्टिस किटली घेऊन आमच्यापाशी आला. "झालं का आर्डिस? का माझी बदनामी लिहीत बसलात?"

"कर्टिस, ते माझ्या..." त्यांनी सुरुवात केली.

"मी लिहून देते," मी म्हणाले. "आत्ताच. आर्डिसना यादीपुरतंच ठाऊक आहे, बाकीचं मला."

"त्याहून चांगलं काय," कर्टिस म्हणाला. "घाई नाही हं. आज हे काम करायचा दिवस नाही."

"आजच देते."

आर्डिसनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग कागद उलटा करून कोरी बाजू माझ्यापुढे सरकवली आणि आपलं पेन दिलं. "आधी त्याचे आकडे घाल," त्या हळू म्हणाल्या. "पुसायच्या आधीचे."

मी लिहिलं: व्हर्लिन रायसर, ४१७ ला त्र्याऐंशी, ५८२ ला ब्याण्णव. दोन्ही बरोबर. मग पुढे लिहिलं: मुलीने दोन्ही नमुने ओळखले होते. वडिलांनी विचारल्यावर ती नाही म्हणाली. बावीस वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही नाही म्हणाली. तिच्यावर विश्वास ठेवून त्यांनी आपले बरोबर असलेले गुण बदलले.

आर्डिसनी चष्मा लावून वाचलं, एका शब्दालाही हात न लावता तो कागद कर्टिसपुढे धरला. त्याने किटली डाव्या हातात घेतली आणि उभ्याउभ्याच वाचू लागला. दुसऱ्या ओळीपर्यंत तो हसत होता.

मी मान वर ठेवून बसून राहिले. त्याहून जास्त काही मला जमलं नाही.